नऊ दांडे आणि फिरता कर्णा

आमच्या गांवच्या नाट्यसंगीतप्रेमी मंडळींपाशीं एक जुना ऑर्गन आहे. पायांनीं भाता हलवावयाचा आणि दोन्ही हातांनीं वाजवावयाचें, अशा जातीचें तें वाद्य. गेल्या पावसाळ्यांत त्याच्या भात्याचें कातडें फाटलें, कांहीं सूर मुके झाले, आणि दुरुस्तीला माणूस मिळेना. दिवाळीचा प्रयोग तर जवळ आलेला. तेव्हां मंडळींतील एका तरुणानें आपला सिंथेसायझर आणून दाखविला. हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा. त्यानें एक बटण दाबलें आणि म्हणाला, "गुरुजी, हा घ्या ऑर्गन." आवाज ऑर्गनचाच होता, पण तो असा निश्चल, कीं भिंतीवरच्या रंगासारखा वाटला. मीं मान हालविली. त्यावर त्यानें डाव्या हाताजवळचें एक लहानसें चाक अंगठ्यानें पुढें लोटलें, आणि काय आश्चर्य! तोच स्वर हळूहळू हेलकावूं लागला, मग गरगर फिरूं लागला, जणूं खोलींत कोणी कर्णा हातांत घेऊन गिरक्या घेत आहे. चाक मागें घेतलें तशी ती गिरकी मंदावत मंदावत शांत झाली.

श्रोतेहो, सिंथेसायझरमध्यें कर्णा नाहीं आणि फिरणारें असें कांहींच नाहीं. मग ही गिरकी आली कोठून? आणि अंगठ्यानें लोटलेल्या चाकाचा हुकूम त्या स्वरापर्यंत पोंचतो कसा? या दोन प्रश्नांचा माग घेतां घेतां मी शंभर वर्षांच्या इतिहासांत शिरलों. त्यांत जें सांपडलें तें आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ऑर्गन या एका नांवाखालीं तीन निरनिराळीं वाद्यें नांदतात. पहिला मोठ्या ख्रिस्ती मंदिरांतील नळ्यांचा ऑर्गन. दुसरा आपल्या संगीत रंगभूमीनें आपलासा केलेला, पितळी पट्ट्यांच्या सुरांवर चालणारा पायपेटीच्या कुळांतला ऑर्गन. आणि तिसरा विजेचा. त्या मुलानें मला ऐकविला तो या तिसऱ्याचा भास होता. आमच्या ऑर्गनचा नव्हे. त्यालाहि हें ठाऊक नव्हतें, आणि मला तरी तेव्हां कोठें होतें?

विजेच्या ऑर्गनचा जनक लॉरेन्स हॅमंड हा अमेरिकन इंजिनियर. हा गृहस्थ वादक नव्हता. त्याचा धंदा विजेच्या घड्याळांचा. घड्याळ वेळ बिनचूक दाखवील तर त्याची मोटर एकाच गतीनें फिरली पाहिजे, आणि अशी मोटर त्याच्यापाशीं होती. एकाच गतीनें फिरणाऱ्या मोटरीपासून स्थिर स्वर काढतां येईल, ही कल्पना त्यानें उचलली. १९३४ सालीं त्याला पेटंट मिळालें आणि १९३५ मध्यें वाद्य बाजारांत आलें.

त्याची रचना मोठी मजेची आहे. आंत लोखंडाच्या लहान चकत्या फिरत असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला दांते आहेत. चकतीजवळ तारेचें वेटोळें गुंडाळलेलें लोहचुंबक असतें. दांता चुंबकासमोरून गेला कीं वेटोळ्यांत विजेची एक लाट उठते. सेकंदांत जितके दांते जातील तितकीं कंपनें. अशा एक्याण्णव चकत्या त्यानें एका पेटींत बसविल्या. चकत्यांची गति मोटरीवर आणि मोटरीची विजेच्या फेऱ्यांवर अवलंबून. म्हणून हा ऑर्गन सुरांत लावावा लागत नाहीं, त्याला विजेचें कारखानेच सुरांत ठेवतात. मात्र अमेरिकेंतील वीज सेकंदाला साठ फेऱ्यांची आणि आपल्याकडील पन्नास फेऱ्यांची. तिकडचें वाद्य जसेंच्या तसें येथें लावलें तर सगळें सप्तकच तीन अर्धस्वरांहून कांहीं अधिक खालीं घसरेल. काळी चारची पट्टी दाबली तर जवळजवळ पांढरी चारचा सूर ऐकूं येईल! पन्नास फेऱ्यांच्या देशांसाठीं वेगळी बनावट करावी लागे ती यामुळेंच.

परंतु हॅमंडची खरी करामत पट्ट्यांच्या वरच्या बाजूस आहे. तेथें नऊ दांडे असतात, ओढले कीं बाहेर येणारे. इंग्रजींत त्यांना ड्रॉबार म्हणतात. आपल्या पेटीला खुंट्या असतात. खुंटी ओढली कीं खर्जाचा संच सुरूं होतो, दाबली कीं बंद. येथें तसें नाहीं. प्रत्येक दांडा शून्यापासून आठापर्यंत हवा तितका ओढतां येतो, म्हणजे स्वरांत एखादा घटक किती मिसळावयाचा हें वादक ठरवितो. स्वयंपाकघरांतील मिसळणाच्या डब्यासारखेंच हें. मोहरी किती, हळद किती, हें करणारीच्या चिमटीवर.

आतां हे नऊ घटक कोणते, हें आपल्या भाषेंत सांगतों. दाबलेली पट्टी मध्य सप्तकांतील षड्ज मानूं. पहिला दांडा मंद्र षड्जाचा, दुसरा मध्य पंचमाचा, तिसरा खुद्द मध्य षड्जाचा. चौथा तार षड्ज, पांचवा तार पंचम, सहावा त्याच्या वरचा अतितार षड्ज. सातवा अतितार गांधार, आठवा अतितार पंचम, आणि नववा त्याहूनहि वरचा षड्ज. ज्यानें चांगला लागलेला तंबोरा ऐकला असेल त्याला हा सातवा दांडा लगेच ओळखीचा वाटेल. खर्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गांधार, तोच हा. तंबोऱ्यांत तो निसर्ग देतो, येथें माणूस मोजून घालतो.

मात्र तोच हा असें मीं म्हटलें तें पूर्ण खरें नाहीं. स्वयंभू गांधार मूळ स्वराच्या बरोबर पांचपट कंपनांचा असतो. हॅमंडनें त्याच्यासाठीं वेगळी चकती ठेवली नाहीं. वरच्या सप्तकांतील गांधाराची जी चकती आधींच फिरत होती तिच्याकडूनच तो उसना घेतला. ती चकती बारा समान भागांच्या पाश्चात्य सप्तकाची. त्यामुळें हा गांधार तंबोऱ्याच्या गांधारापेक्षां किंचित् चढा लागतो. फरक अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा. पण तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला तो टोंचतो.

किती मिश्रणें होतील याचा हिशेब मीं मास्तरकीच्या संवयीनें कागदावर केला. नऊ दांडे, प्रत्येकाच्या नऊ जागा; नवाचा नववा घात म्हणजे ३८,७४,२०,४८९. त्यांतून सर्व दांडे आंत असल्याचें एक मौन वजा करावें. एवढ्यांतलीं शंभरएक तरी मिश्रणें कानाला खरोखर निराळीं वाटतील काय, ही शंका मात्र हिशेबाच्या बाहेरची आहे.

हें वाद्य नळ्यांच्या ऑर्गनच्या तोडीचें आहे अशी जाहिरात कंपनीनें केली, आणि प्रकरण अमेरिकन सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढें गेलें. शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरांत नळ्यांचा भव्य ऑर्गन होता. तेथें हॅमंडचें वाद्य बसवून, वादक श्रोत्यांना न दिसतां, दोन्ही आळीपाळीनें वाजविण्याची परीक्षा झाली. ऐकणाऱ्यांत कसलेले जाणकार होते, आणि तरीहि त्यांचे अंदाज बरेच वेळां चुकले. १९३८ मध्यें कमिशननें निकाल दिला तो कंपनीला जाहिरातींतील मोठाले दावे सोडावयास लावणारा; पण ऑर्गन हें नांव तिच्याकडेच राहिलें. कंपनीचें नुकसान झालें असें म्हणावें तर या सगळ्या गाजावाजानें तिचें वाद्य घरोघर ठाऊक झालें!

येथें मला आपल्याकडील एक प्रकरण आठवल्यावांचून राहवत नाहीं, आणि आकाशवाणीच्याच श्रोत्यांपुढें तें सांगावयास थोडा संकोचहि वाटतो. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या केंद्रांवर बंदी केली. मींड निघत नाहीं, श्रुति नाहींत, सप्तक परकें आहे, हे आक्षेप. ते खोटे नव्हते. पण त्याच काळीं महाराष्ट्रांत संगीत नाटकाचा पडदा पेटीच्या किंवा ऑर्गनच्या सुराशिवाय वर जात नव्हता. "मानापमाना"च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीचे थोर वादक. बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत काय आणि येथें काय, वाद एकच: यंत्रानें काढलेल्या स्वराला खरा म्हणावयाचें कीं नाहीं? माझें मत विचाराल तर, जाहिरातींतली अतिशयोक्ति दंडास पात्र आहे, वाद्य नाहीं.

आतां त्या गिरकीकडे वळूं. लॉस एंजल्स शहरीं डॉन लेस्ली नांवाचा एक तरुण कारागीर होता. दुकानाच्या मोठ्या दालनांत त्यानें हॅमंडचा ऑर्गन ऐकला आणि तो मोहून गेला. वाद्य विकत घेऊन घरीं आणलें, तों लहान खोलींत तेंच बेचव वाटूं लागलें. कारण उघड होतें. मोठ्या दालनांत स्वर भिंतींवर आपटून चहूंकडून येतो. मंदिरांतील नळ्या तर जागजागीं पसरलेल्या, प्रत्येक स्वर वेगळ्या कोपऱ्यांतून येणारा. एका खोक्यांतून सरळ तोंडावर येणाऱ्या आवाजाला ती सजीवता कोठून असणार? मीं त्या मुलाला निश्चल आवाजाबद्दल मान हालविली, तेव्हां नकळत मी लेस्लीचीच तक्रार करीत होतों.

लेस्लीनें उपाय शोधला तो असा. त्यानें लाउडस्पीकरचा आवाज दोन भागांत वांटला. उंच स्वर वरच्या कर्ण्यांतून, खर्ज खालच्या पिंपासारख्या भोंड्यांतून. आणि कर्णा व पिंप हीं दोन्ही मोटरीनें फिरतीं केलीं. आगगाडी शिटी वाजवीत जवळ येते तेव्हां शिटी चढी वाटते आणि दूर जातांना उतरते, हें आपण फलाटावर अनुभवलेलें आहे. डॉप्लरनें त्याचें कारण सांगितलें. फिरता कर्णा सेकंदांत अनेकदां आपल्याकडे येतो आणि दूर जातो. त्यामुळें स्वर चढतो-उतरतो, लहानमोठा होतो, आणि भिंतीभिंतींवरून परत येतो. पेटी उघडून पाहिली तर दोन कर्णे दिसतात, पण त्यांतला एक मुका आहे. दुसऱ्याचा तोल सांभाळण्यापुरता बसविलेला. संसारांतहि असे तोल सांभाळणारे मुके कर्णे असतात, पण तो विषय आजचा नव्हे.

या पेटीच्या दोन गति असतात. मंद गतींत कर्णा मिनिटाला सुमारें चाळीस फेरे घेतो, आणि द्रुत गतींत त्याच्या आठपट-दहापट. वादकाची खरी कला या दोन गतींच्या मधल्या क्षणांत आहे. कळ दाबली कीं हलका कर्णा चटकन् वेग घेतो. जड पिंपाला मात्र बरेच सेकंद लागतात. तेवढा वेळ वरचे स्वर आणि खर्ज वेगवेगळ्या चालीनें धांवत असतात. कसलेला वादक गाण्याच्या सम गांठण्याच्या बेतानें कळ आधींच दाबून ठेवतो. लेस्लीनें ही पेटी हॅमंडला दाखविली. त्यानें ती घेतली नाहीं. मग १९४० च्या सुमारास लेस्लीनें स्वतःच ती करून विकावयास आरंभ केला. पुढें अमेरिकेंतील नीग्रो वस्त्यांतील प्रार्थनामंदिरांत आणि जाझच्या मंडळींत या दोन वाद्यांची अशी जोडी जमली, कीं एकावांचून दुसरें लोकांना अपुरें वाटूं लागलें. हॅमंड १९७३ मध्यें वारला. लेस्लीचें नांव हॅमंड कंपनीच्या मालकीचें झालें तें १९८० सालीं.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगतों. हॅमंडची पट्टी दाबली कीं तिच्याखालचे नऊ संपर्क जुळतात, पण ते अगदीं एकाच क्षणीं जुळत नाहींत. म्हणून स्वराच्या आरंभीं टक् असा बारीक आवाज होतो. इंजिनियरांच्या लेखीं हा दोष होता आणि तो घालविण्याचा त्यांनीं यत्न केला. वादकांना तोच आवडला. आज जे कारखाने या ऑर्गनची नक्कल करतात ते हा दोषहि मोठ्या मेहनतीनें बनवून घालतात, आणि तो कमीअधिक करण्याची सोय ठेवतात!

१९७० नंतर सिंथेसायझरांचा काळ आला. चकत्या, कर्णे, मोटरी यांचें काम विजेच्या बारीक मंडलांनीं उचललें. मणांनीं मोजावयाचें वाद्य काखेंत मारून नेण्याजोगें झालें. पण येथें एक अडचण उभी राहिली. प्रत्येक कारखान्याची भाषा निराळी. एकाच्या पट्ट्यांवरून दुसऱ्याचा स्वर वाजवूं म्हटलें तर तें यंत्र समजून घेईना. एका गांवच्या रुपयाला दुसऱ्या गांवांत कोणी विचारूं नये, तशी गत.

ही अडचण सोडविणाऱ्यांत दोन नांवें मुख्य. एक कॅलिफोर्नियांतील सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा डेव्ह स्मिथ, आणि दुसरे जपानचे इकुतारो काकेहाशी, रोलँड कंपनीचे संस्थापक. काकेहाशींचा जन्म १९३० चा, ओसाका येथला. लहानपणींच आईबाप गेले. महायुद्धानंतर, वय सोळा-सतरा असतांना, त्यांनीं घड्याळ-दुरुस्तीचें दुकान थाटलें. त्यांतून रेडिओ, रेडिओंतून विजेचे ऑर्गन असा त्यांचा प्रवास झाला, आणि पुढें जपानांत हॅमंड कंपनीबरोबर भागीदारीचा धंदाहि त्यांनीं केला. हॅमंड घड्याळवाला आणि काकेहाशीहि घड्याळवालेच! या योगायोगाला मीं अधिक अर्थ देऊं इच्छीत नाहीं. तरी कालाचे सारखे तुकडे पाडण्याची ज्याला संवय, त्यालाच स्वराचेहि तुकडे मोजावेसे वाटावेत, यांत नवल तें काय?

१९८१ मध्यें स्मिथनें सर्व वाद्यांच्या समान भाषेची योजना अमेरिकेंतील ध्वनि-इंजिनियरांच्या सभेपुढें मांडली. जानेवारी १९८३ मध्यें वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनांत स्मिथच्या कंपनीचें आणि रोलँडचें अशीं दोन परस्पर-प्रतिस्पर्धी वाद्यें एका तारेनें जोडण्यांत आलीं, आणि एकाच्या पट्ट्यांवर दुसरें वाजलें. त्याच वर्षीं नियम छापून प्रसिद्ध झाले. या भाषेचें नांव मिडी. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें. विशेष म्हणजे ही भाषा कोणीहि वापरावी, तीबद्दल दाम मागूं नये, असें ठरलें. २०१३ सालीं या दोघांना ग्रॅमी संस्थेचा तांत्रिक सन्मान मिळाला. काकेहाशी २०१७ मध्यें आणि स्मिथ २०२२ मध्यें निवर्तले.

मिडीच्या तारेंतून स्वर जात नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. जातात ते निरोप. तारायंत्रासारखे, केवळ आंकड्यांचे. अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानें दाबली, आतां सोडली. दुसऱ्या जातीचा निरोप नियंत्रणाचा: कोणतें नियंत्रण, आणि त्याची किंमत किती. नियंत्रणांना शून्यापासून एकशें सत्तावीसपर्यंत क्रमांक आहेत आणि किंमतहि त्याच मर्यादेंत. क्रमांक १ डाव्या हाताच्या चाकाचा, ११ भावदर्शक पायदांडीचा, ६४ स्वर धरून ठेवणाऱ्या पायकळीचा. तारेंतून सेकंदाला ३१,२५० खुणा जातात आणि एका निरोपाला तीस खुणा लागतात. म्हणजे एका सेकंदांत हजाराहून थोडे अधिक निरोप. माणसाच्या दहा बोटांना एवढी वाट पुष्कळ झाली.

पहिलें कोडें येथें उलगडलें. मुलानें अंगठ्यानें चाक लोटलें तेव्हां गिरकी तारेंतून गेली नाहीं. १ क्रमांकाच्या नियंत्रणाचे वाढते आंकडे गेले, इतकेंच. त्या आंकड्यांचा अर्थ कर्णा फिरव असा लावावयाचा हें सिंथेसायझरच्या आंत ठरविलेलें होतें. कर्ण्याचा हलकेपणा, पिंपाचें जडत्व, वेग घेण्यास लागणारा काळ, हें सर्व आंतील गणितांत बसविलेलें. हुकूम देणारा म्हणतो, पळ. पण धांवणाऱ्याच्या अंगांत वजन किती हें धांवणाऱ्यालाच ठाऊक असतें.

नऊ दांड्यांच्या बाबतींत मात्र शिस्त ढिली आहे. त्यांचे क्रमांक कोणते हें नियमकर्त्यांनीं ठरविलें नाहीं. एक कारखाना १६ पासून मोजतो, दुसरा आणखी कोठून. त्या मुलानें नऊ सरकत्या खुंट्यांची एक वेगळी पेटी आणून जोडली, तेव्हां दोन संध्याकाळ आमच्या या क्रमांकांची जुळवाजुळव करण्यांत गेल्या. ती जुळली तों दुसरें विघ्न. हॅमंडचा दांडा आपल्याकडे ओढला कीं स्वर वाढतो. या पेटीची खुंटी आपल्यापासून दूर सारली कीं आंकडा वाढतो. हात एक सांगे, कान दुसरेंच ऐके! शेवटीं किंमती उलट्या करून घेतल्या, एकशें सत्तावीसचें शून्य आणि शून्याचें एकशें सत्तावीस, तेव्हां ओढण्याला वाढणें जुळलें.

आणखी एक दुरुस्ती मीं सुचविली आणि ती उपयोगी पडली, याचा मला थोडा अभिमान आहे. ऑर्गनची पट्टी जोरानें दाबा कीं हळू, स्वर तेवढाच. आपल्या पेटीचेंहि तसेंच, लहानमोठेपणा सारा भात्याचा. म्हणून बोटांचा जोर सांगणारा आंकडा या यंत्रानें दुर्लक्षावा असें आम्ही ठरविलें, आणि ११ क्रमांकाची पायदांडी भात्याच्या जागीं घेतली. तीस वर्षें शाळेच्या प्रार्थनेला पेटी वाजविलेल्या माझ्या हाताला तेव्हां कोठें हें यंत्र ओळखीचें वाटलें. फिरता कर्णा मात्र नाट्यपदांना नको, असें मंडळींतील गाणाऱ्या बाईंनीं स्पष्ट सांगितलें. पट्टींतला षड्ज डोलूं लागला तर मी उभी कशावर राहूं, हा त्यांचा प्रश्न. त्यांचें बरोबर होतें. चाक मागें आहे तसेंच ठेवलें.

जुन्या ऑर्गनचा भाता आतां एका कारागिराकडे गेला आहे. तो येईपर्यंत तालीम या यंत्रावर चालते. खुंट्यांवर मीं कागदाच्या नऊ चिठ्ठ्या चिकटवून दिल्या आहेत: मंद्र सा, प, सा, तार सा, अशा क्रमानें. सातव्या चिठ्ठीवर ग लिहिलें आहे. कोमल गांधाराच्या रागांतलें पद आलें कीं हा वरचा शुद्ध गांधार मध्येंच डोकावून घोटाळा करतो. म्हणून तेवढी एक खुंटी आम्ही शून्यावर ठेवतों.